मावशीच्या नावाआधीचं मिसेस

हॅलबर्ट विद्यापीठ, जॉर्जिया
७ ऑक्टोबर १९६३

ती. रॉक्सीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

गोऱ्यांच्या या विद्यापीठात आम्ही चौघं काळी मुलं अजून टिकून आहोत, आणि मी तर इथल्या विद्यार्थ्यांच्या साप्ताहिकात बातमीदार झाले! पहिलीच बातमी तुझी. एकतीस वर्षं इथल्या मुलींच्या खानावळीत राबून तू निवृत्त झालीस, ही बातमी नाही तर काय? मी लिहिलं, मिसेस रॉक्सी टॉलिव्हर. संपादक हॉलिस प्रूइटने निळ्या पेन्सिलीने मिसेस उडवलं. म्हणे रिवाज आहे, मिसेस फक्त गोऱ्या बायकांना. मी म्हटलं, मग बातमी परत दे, मीही चालले. गुरुवारपर्यंत विचार करतो म्हणाला. पोरगा वाईट नाही गं, घाबरट आहे.

तुझ्या मायेची आणि पीचच्या लोणच्याची भुकेली,
अर्नेस्टीन

स्वीटगम, ९ ऑक्टोबर

चि. अर्नेस्टीन हिस अ. उ. आ.

अगं बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? माझ्यापायी हातचं काम सोडू नकोस. एकतीस वर्षं सगळ्यांनी मला नुसतं रॉक्सी म्हटलं, माझ्या अंगाला काही भोकं पडली नाहीत.

खरं सांगू? तुझे काका गेले तेव्हा गावच्या पेपरात आलं, मागे रॉक्सी नावाची बाई आहे. बाई! चर्चमध्ये चारचौघांत लग्न लागलं होतं आमचं. फार लागलं गं मनाला. पण जाऊ दे. लोणचं पाठवतेय, नीट जेव.

तुझं सगळं भलं चिंतणारी,
मावशी

हॅलबर्ट, १९ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न.

हसून हसून पोट दुखतंय! तुला मिसेस लावायची हॉलिसची छाती होईना आणि मी काम सोडून जाणंही त्याला नको होतं. म्हणून पठ्ठ्याने सगळ्याच बायकांचं मिसेस काढून टाकलं! डीनसाहेबांच्या बायकोच्या चहापानाची बातमी आली ती नुसती लुसिल ब्रॅडवेल अशी. बाई हातमोजे घालून कचेरीत थडकल्या. मी काय कुणाची मोलकरीण आहे, माझं मिसेस कुठे गेलं म्हणून कडाडल्या. हॉलिस टेबलामागे सरकला, पण बोलला हं! म्हणाला, यापुढे लावलं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. मग म्हणाल्या, लावा सगळ्यांना, पण माझं आधी.

या अंकात पहिल्या पानावर दिलगिरी छापलीय. वर त्यांचं नाव, खाली तुझं, दोन्ही मिसेससकट. अंक टपालात टाकलाय.

तुझीच लाडकी आगाऊ,
अर्नेस्टीन

स्वीटगम, २३ ऑक्टोबर

चि. अर्नेस्टीन हिस अनेक आशीर्वाद, आणि हॉलिसलाही थोडे.

आमचा गोरा पोस्टमन सगळ्यांचे पेपर आधी स्वतः वाचतो, ठाऊक आहे ना? बारा वर्षं तो फाटकातून रॉक्सी म्हणून ओरडतो. आज तो पायरीपर्यंत आला, टोपीला हात लावला आणि पुटपुटला, मिसेस टॉलिव्हर, तुमचा पेपर.

मी म्हटलं, वय झालं, कमी ऐकू येतं. बिचाऱ्याने मोठ्याने सांगितलं. मी कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा तो असा ओरडला की शेजारपाजारच्या सगळ्या ओसरीवर आल्या.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी मावशी