कुणाच्या साडीची झोळी

४ नोव्हेंबर, मंगळवार

"लेकराला तुजा वास लई लागू दिऊ नगंस सारिके, मग कामाला कशी जाशील?"

आत्याबाईंचं वाक्य. बावीस वर्षांपूर्वीचं. हर्षदा तेव्हा दीड महिन्याची होती. सासू म्हणजे घरातला शेवटचा शब्द, मी मान हलवली आणि खुरपं घेऊन रानात गेले. आज एकदम आठवलं, कारण आज माझ्या अंगाला पुन्हा लेकराचा वास येतोय — दूध, वेखंड, शी, सगळं एकत्र!

मल्हार काल आला. हर्षदाचा मुलगा. सात महिन्यांचा, पण मांड्या बघाव्यात! हर्षदा आणि जावई सुदर्शन दोघंही सणसवाडीला एकाच कंपनीत, शिफ्ट कधी एक, कधी उलटी. हर्षदाची सुट्टी संपली. जानेवारीत तिला पर्मनंट करणार आहेत, आता घरी बसली तर ते गेलं. सुदर्शनला आई नाही. म्हणून बाळ इकडे, कासुर्डीला. "थोडेच महिने, वैनी," हर्षदा म्हणाली. तिचा चुलता मला वैनी म्हणायचा, तेच ती ऐकत मोठी झाली. 'आई' म्हणते आत्याबाईंना. सवय झालीय.

छताच्या हुकाला झोळी बांधली. माझीच साडी, रोजची, धुऊन धुऊन मऊ झालेली. दोन झोके दिले — झोपला! सलग दोन तास! मी शेजारी बसून नुसती बघत होते. शेवंती तोडायची राहिली. ह्यांनी एकट्यानं तोडली, आणि येऊन म्हणतात, "आज बाईसाहेबांची सुट्टी का?"

व्हय, सुट्टी!

६ नोव्हेंबर, गुरुवार

हर्षदा आली, तिचा सुट्टीचा वार. दिवसभर त्याला खाली ठेवलं नाही. जाताना गाडीवर बसली आणि मागं वळून बघितलं नाही. मला कळलं का ते.

७ नोव्हेंबर

नाचणीची खीर. चार चमचे पोटात, बाकी माझ्या केसांत.

९ नोव्हेंबर, रविवार

दात! दात! दात!

पाणी पाजताना वाटीला टक् वाजलं. बोट घालून बघितलं तर खाली, मधोमध, तांदळाच्या कणीएवढा. मी ओरडले तर आत्याबाईंच्या हातातली चाळण पडली. हे रानातून पळत आले — काय झालं, साप का? साप नाही हो, दात!

आत्याबाईंनी त्याचा ओठ खाली करून बघितला, हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "हर्षीला सांगू नगंस. गुरवारी यील तवा तिचं तिला घावू दे."

मी हो म्हणाले. पण मला दम निघतो का! दहा मिनिटांत फोटो पाठवला. हर्षदाचा फोन लॉकरमध्ये असतो, शिफ्ट सुटल्यावर बघितला असेल. पहिल्यांदा नुसता अंगठा. मग खाली लिहिलेलं, "मी बघितला असता गं."

त्या 'असता'पाशी मी थोडी थांबले. मग मल्हारनं माझा चष्मा ओढला आणि विसरले.

१२ नोव्हेंबर

रांगतो — पण मागं! पुढचं खेळणं बघतो, रडतो आणि मागं मागं जातो. आज पार कॉटखाली गेला. हे पालथे पडून त्याला बाहेर काढत होते. "ह्याचा रिव्हर्स गियरच लागलाय!"

हर्षदाचा व्हिडिओ कॉल. मल्हारनं स्क्रीन चाटली. मग फोनच्या मागं डोकावून बघितलं, आई तिकडं आहे का म्हणून. आम्ही दोघी हसलो. ती जरा जास्तच हसली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हर्षदा आली नाही. ओव्हरटाइम.

१६ नोव्हेंबर, रविवार

खरं लिहिते, इथं कोण वाचतंय. चव्वेचाळीस वर्षांत मी इतकी आनंदात कधी नव्हते. सकाळी डोळा उघडतो तो त्याच्या 'अड्डा अड्डा' नं. मी दिसले की दोन्ही हात वर! दुसऱ्या कुणासाठी नाही, माझ्यासाठी! शेजारच्या पुतळाबाई ताक न्यायला आल्या, म्हणाल्या, "सारे, तू तर बाळंतिणीगत दिसाय लागलीस." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

हर्षदाच्या वेळचं मला काही आठवत नाही. आठवतं ते कांद्याचं वावर, आणि ओसरीवर आत्याबाईंच्या मांडीवर ती. मी संध्याकाळी हातपाय धुऊन घ्यायला गेले की तोंड फिरवायची.

१८ नोव्हेंबर

सर्दी. नाक शिंकरता येत नाही बिचाऱ्याला. आत्याबाई गुटी उगाळायला निघाल्या, नर्सबाईंनी सांगितलंय की औषध विचारल्याशिवाय द्यायचं नाही. "तुमच्या नर्सबाईला मीच गुटी पाजलीया ल्हानपणी!" मग त्यांनीच ओव्याची पुरचुंडी गरम करून बाजूला ठेवली. मिटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

हर्षदा दोन आठवड्यांनी आली. थेट शिफ्टवरून, आंघोळ न करता, बाळाला आधी बघायचं म्हणून. अंगाला कंपनीच्या तेलाचा वास, हाताला सॅनिटायझरचा. मल्हारला घेतलं आणि तो किंचाळला! पाठ ताठ, हात माझ्याकडं. तिनं खांद्यावर घेतलं, फिरवलं, अंगाशी घेतलं. छातीला तोंड लावेना. मी कोपऱ्यात उभी. जवळ जावं तर वाईट, न जावं तर तो रडतोय.

शेवटी तिनं झोळीत टाकला. दोन झोके. झोपला.

तिनं झोळीची किनार हातात घेतली, नाकाशी नेली.

"वैनी, ही तुझी साडी."

"हो. मऊ आहे म्हणून..."

ती मोरीत जाऊन बाटल्या घासत बसली, धुतलेल्याच बाटल्या पुन्हा. मी मागं गेले तर पाठ न वळवता म्हणाली, "मी काम सोडते. पर्मनंट झाले नाही तर नाही. पोरगं मला ओळखत नाही, मी तिथं कुणाचे पार्ट चेक करत बसू?"

जेवलीच नाही. हे म्हणाले, "अगं, लेकरू हाय ते, इसरंल." ती म्हणाली, "मी नाही विसरले, पप्पा." कुणाकडं बघून म्हणाली ते मला कळलं नाही. की कळलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आत्याबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मीच म्हणाले, "माझं चुकलं का हो?"

त्या बांधतच राहिल्या. मग मेंढरांची गोष्ट काढली. ह्या घरात मेंढरं होती तेव्हाची, मी लग्न होऊन यायच्या आधीची. एखाद्या मेंढीचं पिल्लू मेलं आणि दुसरं कुठलं पिल्लू पोरकं असलं, की मेलेल्या पिल्लाचं कातडं त्या पोरक्याच्या अंगावर बांधायचं. चार दिवस. मेंढी हुंगते, आपलंच समजते, पाजते. "मग कातडं काडलं तरी चालतंय. वासानं आई व्हती, सारिके. आन् वासानंच तुटती. मान्साचा लई हात लागला तर खरी आईबी पिल्लू घेत न्हाई."

मी झोळीकडं बघितलं. म्हणजे मी माझं कातडं त्याच्यावर बांधलं होतं. चार दिवस नाही, अठरा दिवस.

आणि मग बावीस वर्षांपूर्वीची झोळी आठवली. हिरवं इरकली लुगडं. आत्याबाईंचं.

"तुम्हाला हे माहीत होतं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा आत्याबाईंशी आवाज चढला माझा. "हर्षदाच्या वेळी माहीत होतं!"

"व्हतं की."

"मग?"

"मग काय? दीर साळंत, सासरा अंथरुणात, रानात दोन हात पायजे व्हते. लेकराला तू लागली आस्तीस, तर त्ये दिसभर रडलं आस्तं आन् तूबी. मी दोघींचं रडनं वाचवलं." जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "हर्षीचा पयला दात मला आट दिस आदी दिसला व्हता. तुला बोलले न्हाई. तुला घावला तवा आंगनभर नाचलीस, आटवतंय का?"

आठवतंय. तेवढंच तर आठवतंय.

मी तिथून उठून गेले. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

२२ नोव्हेंबर

माझी साडी सोडली. ट्रंकेत हर्षदाची ओढणी मिळाली, ती बांधायला घेतली तर आत्याबाई म्हणाल्या, "धुतल्याल्याला कसला वास! अंगावरचं पायजे." हर्षदाला फोन केला — वापरलेला गाऊन पाठव, न धुता. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मग सगळं सांगितलं, मेंढीसकट.

"आणि आठ दिवस राजीनामा देऊ नकोस. शपथ आहे तुला."

"बघते," म्हणाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुदर्शन गाडीवर पिशवी घेऊन आला. दोन गाऊन, एक साडी. साडीला तेलाचा वास आहेच, तोही राहू दे, तिचाच आहे तो!

साडीची झोळी केली. गाऊन उशाला. पठ्ठ्या दुपारभर रडला. मी हात लावला नाही, आत्याबाईंनीच झोका दिला. मी बाहेर शेवंती तोडत होते आणि प्रत्येक रडण्याला एक फूल देठासकट उपटत होते.

२४ नोव्हेंबर

कमी रडला. मी भरवते, पुसते, पण उराशी घेत नाही. तो हात वर करतो आणि मी चमचा पुढं करते. लबाडी वाटते.

२५ नोव्हेंबर

झोपला! तिच्या झोळीत, गाऊनची बाही मुठीत धरून! आनंद झाला. झालाच. आणि मग चहा करताना उगाच साखर दोनदा टाकली.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा. हर्षदानं रजा टाकली होती. आल्यावर आत्याबाईंनी तिला आंघोळ करू दिली नाही. "आदी पोरगं घे!"

घेतलं. मल्हारनं तिच्या मानेत तोंड खुपसलं. एकदा डोकं वर करून तिच्याकडं बघितलं. पुन्हा खुपसलं. मग रांगायला सोडला तर — पुढं! पहिल्यांदा पुढं! तिच्याकडं! हे 'येळकोट येळकोट' ओरडले, भंडारा उधळला, बाळ पिवळं, हर्षदा पिवळी, भरीत पिवळं!

तिला स्वतःला सापडलं हे. मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मलाही माहीत नव्हतं. बरं झालं.

संध्याकाळी म्हणाली, "काम सोडत नाही, वैनी. पण ह्याला घेऊन जाते. आमच्या खोलीशेजारी एक बाई सांभाळते पोरं. आठ आहेत तिच्याकडं, हा नववा."

मी म्हणाले, "ने." साडी घडी करून दिली. न धुता.

३० नोव्हेंबर, रविवार

हुक तसाच आहे छताला. हे येताजाता त्याला डोकं लागू नये म्हणून वाकतात. डोकं लागत नाही, हुक फार वर आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

दुपारी हर्षदाचा फोन. जेवणाच्या सुट्टीत, बाथरूममधून बोलत होती, आवाज घुमत होता. मल्हार बरा आहे, रमलाय, त्या बाईकडं मजेत असतो. तीच बरी नाही. दोन दिवस अंगात कणकण. स्वयंपाक केला नाही, बिस्किटं खाल्ली. सुदर्शनची शिफ्ट उलटी, तोंड दिसत नाही. सांगता सांगता रडायला लागली. मोठ्यानं, लहान पोरीसारखी. मी नुसती "हं, हं" करत राहिले. सायरन झाला, फोन ठेवला.

बावीस वर्षांत ती माझ्याजवळ कधी रडली नव्हती. लागलं, ताप आला, नापास झाली — सगळं आत्याबाईंच्या मांडीवर. आज घरचा फोन होता, आत्याबाईंचा नंबर होता. तिनं मला लावला.

३ डिसेंबर, बुधवार

आत्याबाई ओसरीवर आहेत. हे पान संपलं की उठायचं आणि विचारायचं. काय म्हणतील ते माहीत आहे — "आन् हितलं कोन बगंल? माझं गुडघं?" ह्या घरातली सून माहेरीसुद्धा चार दिवसांवर राहिलेली नाही. नाहीच म्हणणार. तरी वाक्य लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी जीभ अडायची नाही:

"आत्या, मला वर्षभर सणसवाडीला राहू द्या. मल्हारला त्याची आई आहे. हर्षदाला सांभाळायचं माझं राहून गेलंय."