पाहुण्यांचा पेनल्टी बॉक्स

रवि., २ फेब्रु.
अरीनाकडून ड्यूटी आली. दोन कॉलेजांमधल्या आइस हॉकीच्या तिन्ही मॅचना मी पाहुण्यांच्या पेनल्टी बॉक्सवर. काम काय, तर शिक्षा झालेला पोरगा आला की दार उघडायचं, त्याने विचारलं तर किती वेळ उरलाय ते सांगायचं आणि दोन मिनिटं झाली की त्याला परत बर्फावर सोडायचं. बाकी बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. मला जमण्यासारखं आहे.

कागदोपत्री यंदा यजमान आमचं कॉलेज. म्हणजे पाहुणे ते, हायवेपलीकडचे, निळे. नील त्यांच्याकडून खेळतो.

व्हॉलंटियर्सचं बघणाऱ्या बाईंनी विचारलं, मुलगा त्या टीममध्ये असताना चालेल ना? म्हटलं, आम्ही एकमेकांशी बोलत नाही, तेव्हा पक्षपाताचा प्रश्न येत नाही. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मेधाला सांगितलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, "मुद्दाम मागून घेतलंस ना?" हो, मुद्दामच.

बुध., ५ फेब्रु.
रात्रभर बर्फ. सकाळी ड्राइव्हवे शोव्हल करून कंबर धरली. पहिल्या लेक्चरला निम्मी पोरं गायब.

कॅफेटेरियात आमच्या लाल टीमचा कोच भेटला. नील फार फास्ट झालाय म्हणे. याच माणसाच्या केबिनमध्ये जाऊन मी सव्वा वर्षापूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, सांगितलं होतं की नील प्रॅक्टिसमध्ये डोक्यावर पडलाय, घरी उलट्या करतोय आणि तुमच्यापासून लपवतोय. त्यांनी नियमाप्रमाणे त्याला सीझनभर बाहेर बसवलं. नीलने मग माझं कॉलेज सोडलं, घर सोडलं, पलीकडच्या कॉलेजात ॲडमिशन घेतली आणि मित्रांबरोबर एका बेसमेंटमध्ये जाऊन राहिला. तेव्हापासून मला बाबा म्हटलेलं नाही. फोनवर आईला विचारतो, "इज ही होम?" ही म्हणजे मी.

मी तेव्हा बरोबर होतो, आजही आहे. मुलाच्या करिअरची वाट लावली म्हणून मराठी मंडळातल्या लोकांनी मला सुनावलं. त्यांच्या पोरांनी जन्मात पियानोपलीकडे कशाला हात लावलेला नाही. मेधा त्यांच्याइतकं बोलत नाही. गप्प राहते, ते जास्त लागतं. बरोबर असूनही स्वतःच्याच घरात चोरासारखं वावरायचं. असो.

शुक्र., ७ फेब्रु.
पहिली मॅच. दुसऱ्या पिरियडमध्ये आला. कुणाला तरी पायात स्टिक घालून पाडलं होतं. दार उघडलं. बाकावर बसला, मधे हातभर जागा. घामाचा तोच वास, आमच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं असायचा तो. पाणी प्यायला, थुंकला, समोर बघत राहिला. मीही समोर. शेवटी मीच म्हटलं, "थर्टी सेकंड्स." त्याने विचारलं नव्हतं. मानसुद्धा हलवली नाही.

दाढी ठेवली आहे. अजिबात शोभत नाही.

आमचे जिंकले. स्टाफमधले लोक येऊन मिठ्या मारत होते. आनंद झाला. खोटं कशाला लिहू, आमचे जिंकले यापेक्षा तो हरला याचा झाला. गाडीत बसल्यावर रडू आलं, तेही लिहून ठेवतो.

रवि., ९ फेब्रु.
दुसरी मॅच. जसं झालं तसं लिहितो.

पहिला पिरियड संपता संपता आमच्या एका धटिंगणाने नीलला कोपऱ्यात काचेवर आपटलं. आधी डोकं लागलं. आवाज माझ्यापर्यंत आला. लगेच उठला. तो लगेच उठणारच, त्याला ओळखतो मी. पुढच्या पिरियडला त्याच पोराच्या मनगटावर स्टिक हाणली आणि माझ्याकडे आला.

बसला आणि डोळे मिटले. वरचे दिवे सहन होत नव्हते. "हाउ लाँग?" सांगितलं, दोन मिनिटं, आत्ता सुरू झाली. थोड्या वेळाने परत, "हाउ लाँग?" सांगितलं. मग पुन्हा तेच, त्याच सुरात, पहिल्यांदा विचारल्यासारखं.

मी वळलो. त्यांची थेरपिस्ट, खेळाडूंच्या दुखापती बघणारी, एक पोरगीच आहे, समोर त्यांच्या बाकामागे उभी होती. नुसता हात वर केला असता तरी आली असती. नीलने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात काय चाललंय ते त्याला बरोबर कळलं.

"बाबा," म्हणाला. "सांगू नको. परत नको, बाबा. प्लीज."

मराठीत.

वेळ संपली. मी दार उघडलं. पुढे त्याच्याच पासवर गोल झाला आणि ते जिंकले. एक-एक. आता शनिवारची तिसरी.

हात वर केला नाही मी.

सोम., १० फेब्रु.
नीलचा फोन. मला. आधी वाटलं चुकून लागला. माझ्या गाडीचे विंटर टायर बदलले का, कॉलेजात कसं चाललंय, गुडघा कसा आहे. मीही त्याला ग्रोसरी कुठून आणतोस वगैरे विचारलं. डोक्याचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही.

मेधा दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर देवाजवळ साखर ठेवली. म्हणाली, "बरं झालं तू तिथे बसायला लागलास."

हो. फारच बरं झालं.

बुध., १२ फेब्रु.
नील जेवायला आला. मित्राने सोडलं, स्वतः गाडी चालवत आला नाही. मेधाने भरली वांगी, मसालेभात, मठ्ठा, सगळं केलं होतं. डायनिंगवरचा मोठा दिवा बंद करायला लावला त्याने. ती म्हणाली दमलाय बिचारा, आणि कौतुकाने मेणबत्ती लावली. भात चिवडत बसला. तिला सांगितलं, मॅचच्या आठवड्यात कमी जेवतो.

दर वाक्याला बाबा. बाबा, मीठ दे. बाबा, तुला आठवतं का. आठवतं रे. तुला काय काय आठवतंय ते मला विचारायचं होतं.

निघताना पोर्चवर गाठलं त्याला. डॉक्टर? म्हणाला, "आफ्टर सॅटरडे. प्रॉमिस. तूच चल बरोबर." आणि खांद्यावर हात ठेवला. उंच झालाय माझ्यापेक्षा, कधी झाला कळलं नाही.

मला लाच दिली जातेय हे न कळण्याइतका मी खुळा नाही. मी ती घेतोय. मला त्याचं ते बाबा हवं आहे. लाज वाटते, पण हवं आहे.

गुरु., १३ फेब्रु.
लॅब लवकर सोडून त्यांच्या कॉलेजला गेलो. थेरपिस्टची खोली जिमच्या मागे आहे, विचारून घेतलं. पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. ती पोरगी बाहेर आली, माझ्या समोरून गेली, बॅग सावरत. काच खाली केली तर थंडी आत येईल, असं काहीतरी मनात आलं. खरंच असं आलं मनात.

परत येताना हायवे ४०३ वर ट्रॅफिक. मेधाला सांगितलं मीटिंग होती.

शनि., १५ फेब्रु., सकाळी
रात्री झोप नाही. पहाटे नीलच्या मित्राचा मला मेसेज. नील दिवसभर अंधारात पडून असतो, काल वॉशरूममध्ये बराच वेळ ओकत होता, कोचला यातलं काही माहीत नाही. तुम्ही बोलाल का, आमचं ऐकत नाही. म्हणजे अख्ख्या बेसमेंटने मलाच निवडलंय.

चहा घेताना मेधाला सगळं सांगितलं. रविवारचं, बॉक्समधलं, डोळे मिटलेले, तेच तेच विचारत होता ते. मित्राचा मेसेज दाखवला. ती आता फोन उचलेल, कोचला गाठेल, माझी खरडपट्टी काढेल, अशी माझी खात्री होती. खरं तर त्यासाठीच सांगितलं. म्हणजे मला सांगावं लागू नये. ती आई आहे, तिला तो माफ करेल.

मेधाने कप हातात घेतला. चहावर साय आली.

मग म्हणाली, "एवढी मॅच होऊ दे."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"आत्ता कुठे तो घरी यायला लागलाय रे. मागच्या वेळीही झालाच ना बरा? सोमवारी नेऊ डॉक्टरकडे. तिघं जाऊ." माझ्याकडे बघत नव्हती. कप घेऊन सिंककडे गेली आणि नळ सोडून ठेवला.

वर्षभर मला वाटत होतं, या घरात त्याला मुकलेला मी एकटाच.

तिने निळा स्वेटर घातलाय. मंडळातली दोन कुटुंबंही येणार आहेत, त्यांनाही निळंच घालायला सांगितलंय. मघाशी नीलचा फोन आला तेव्हा अगदी नेहमीच्या आवाजात बोलली, पोटभर खा म्हणाली. फोन माझ्याकडे दिला. "बाबा, तूच आहेस ना बॉक्समध्ये?" मी म्हटलं, हो, मीच आहे.

मॅच दोनला. ती गाडी गरम करायला खाली गेली आहे.