पायाच्या भेगेत दूध

सोमवार, ९ मे १९८३. पिपरी मेघे

सगळ्यात आधी आली ते शेजारची जिजाबाई. माही पेटी रिक्षातून उतरली नाई, तं बाई भिंतीच्या भेगेत बोट घालून उभी. मले म्हणे, आजी, तुमच्या पोरानं घर बांधलं का सरड्यायले बंगला? मी बी कमी नाई. म्हणली, सरडे शेजारूनच येतात वाटते. पोट धरून हासली. जमलं आमचं!

चंद्रभाननं, माह्या पोरानं, नवं घर बांधलं. बाळीचा पायगुण. बाळी म्हंजे माही नात, जावळ असं दाट का तेल जिरूनच जाते. तिच्यासाठीच तं अल्लीपूर सोडून आली. प्रौढ वर्गात अक्षरं शिकली होती, सून म्हणते रोज लिहा, हात वळते. भेगा उन्हाच्या हायेत. काळी जमीन तडकली का घराच्या पायाले बी ओढते. मिस्त्री येणार हाय.

बुधवार, ११ मे

प्रेमदास मिस्त्रीनं पाळण्याच्या खोलीमागं चर खोदला. मुरूम भरतो, भेगेत सिमेंट घालतो म्हणे. चहा गुळाचाच लागते त्याले, साखरेचा देल्ला तं तोंड वाकडं. पायाखालची माती पांढरी निघाली. मीठ. मंग एक इवलीशी मनगटी, काळ्या मण्यायची. त्यानं फावडं ठिवलं अन् टोपी काढून उभा राह्यला. जिजाबाईनं सांगतलं, प्लॉट पडाच्या आधी गाव इथं मेलेली तान्ही लेकरं पुरत होतं.

मले सांगाची गरज नोती. माही पह्यली पोरगी सहा दिवसाची गेली, तवा मालकानं खड्ड्यात असंच ओंजळभर मीठ टाकलं होतं.

मिस्त्रीनं मनगटी जिथली तिथं ठिवली अन् भेग बुजवली.

शनिवार, १४ मे

सिमेंटचा अख्खा गोळा बाहेर येऊन पडला. त्याच्यावर हिरड्यायनं चावल्यावानी खळगे. मिस्त्री आता येत नाई म्हणे. चंद्रभानले वाटते मालच खराब होता.

तान्ह्याले पुरलं का तिसऱ्या दिवशी दूध घालाचं, एकच बार, अन् मागं न पाह्यता याचं, अशी आमची रीत. भर दुपारी भेगेत वाटीभर घातलं. पण मागं पाह्यलं म्या. भेगेचे काठ हालत होते. पेत होते. माह्या पोरीनं कधी एक थेंब नोता घेतला. मी आणखी एक वाटी आणली.

सोमवार, १६ मे

रोज घालून राह्यली. असा हरीक येते! वाटी वाजली का आतून चुटचुट, चुटचुट. सून इचारते, एवढं दूध जाते कुठी. म्हणली, मांजर.

जिजाबाईले सांगतलं. ते हासली नाई. म्हणे, आजी, पह्यलं दूध निरोपाचं असते. दुसऱ्या बाराले लेकरू समजते, माय आली.

मंगळवार

भेग फरशीखालून पाळण्यापर्यंत आली. बाळीचं दुपटं तिच्यात गेलेलं. मी ओढलं, तं तिकडून बी ओढलं —

चंद्रभानले म्हणली, दोघीयले वडनेरले घेऊन जा, सुनेच्या माहेरी, आत्ताच. तू बी चाल म्हणे. मी गेली तं हे भेगेतले माह्या मागं येतील, बाळीपर्यंत. गुडघे दुखतात म्हणली. तिघं गेले.

बुधवार

गायीचं दूध घेत नाईत. भेगेवर तसंच फाटलं.

माह्यं पोलकं ओलं. या वयात. पोरीच्या वक्ती छाती बांधून आटवलं होतं, ते —

गुरुवार

भेगेशी निजली. एक सोडते तं दुसरं. थंड हिरड्या. गोड वाटते, खोटं काऊन लिहू. दूध सरलं. तरी सोडून नाई राह्यले —

शुक्रवार

उठता येत नाई. जिजाबाई दार वाजवून गेली, आवाज निघाला नाई माह्या तोंडून. त्यायचं पोट भरलं नाई. पाळण्याच्या जागेशी चाचपतात —

बाळीले आणू नका. कोण सांगीन चंद्रभानले — म्हणला होता, रविवारी येतो, तिघं बी, रविवारी सकाळच्या