रणदिवे, डावखुरा

बिशान, सिंगापूर

प्रिय अनू,

हे कागदावर लिहून कुरिअरने पाठवतेय, कारण फोनवर बोलताना आई तुझ्या शेजारी बसून ऐकत असते. तिचा गुडघा कसा आहे? आर्यनच्या परीक्षा संपल्या, शिरीष पाया लेबारच्या नव्या ऑफिसात रुळला, आणि मी तेच करतेय ज्याला तू हसतेस: अमेरिकेतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या बेसबॉलपटूंची नावं शोधणं.

हा नाद आपल्या वरुणचा. ओहायोत शिकताना लागला. मोठ्या संघांतले खेळाडू सगळ्यांना ठाऊक. त्याला हवे असत ते खालच्या लीगमधले, कुठल्याशा गावाकडून तीन आठवडे खेळून नाहीसे झालेले. वर्तमानपत्रात नुसतं आडनाव. तो माणूस कोण, कुठला, पुढे कुठे गेला, हे जुने अंक चाळून शोधायचं आणि इंटरनेटवरच्या यादीतली रिकामी जागा भरायची. मृत्यूची तारीख मिळाली की नोंद पुरी. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये तो आमच्याकडे होता तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्यानेच मला शिकवलं. तो निघून गेल्यावर आठ वर्षं मी त्याच्याच खात्यातून नोंदी पाठवत राहिले. वाटायचं, कधीतरी डोकावेल. आर्यन म्हणतो, "आई, दे ऑल डेड ऑलरेडी, लाह."

त्याने शिकवलेलं एक मी विसरले होते. शंभर वर्षांपूर्वी तिथली कॉलेजची पोरं सुट्टीत पैसे घेऊन खेळत, आणि ते उघडकीला आलं तर कॉलेजच्या संघातून काढत, म्हणून नाव बदलत. पण माणूस अगदीच परकं नाव घेत नाही, तो म्हणायचा. आधी आईच्या माहेरचं आडनाव शोध. गेल्या महिन्यात एक पिचर मला तसाच सापडला आणि माझा हात थांबला. इतकी वर्षं आपण आपल्या भावाला वरुण टिपणीस म्हणून शोधत होतो.

आपल्या आजोळचं रणदिवे सापडायला एक दुपार पुरली. मलेशियातल्या जोहोर बारूच्या एका क्रिकेट क्लबची जुनी स्कोअरकार्डं. लागोपाठ तीन हंगाम व्ही. रणदिवे, डावखुरा, सातव्या नंबरावर. चौथ्या हंगामात नाही. पूल ओलांडला की जोहोर, अनू. आम्ही तिथे भाजी स्वस्त मिळते म्हणून जातो.

शनिवारी क्लबच्या सेक्रेटरींना भेटून आले. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, डेंग्यूने. राहायची कागदपत्रं केव्हाच संपली होती, म्हणून भीतीने दवाखान्यात उशिरा गेला. अग्नी क्लबच्या लोकांनीच दिला. त्याच्या बॅगेत माझा क्वीन्सटाउनचा पत्ता होता, तिथे त्यांनी पत्रही पाठवलं. तोवर आम्ही बिशानला आलो होतो.

तुम्हाला मी सांगितलं होतं, नोकरी गेल्याच्या शरमेने तो गेला. ते अर्धंच खरं. नोकरीबरोबर कामाचा पास रद्द झाल्यावरही तो तीन आठवडे रोज डबा घेऊन ऑफिसला म्हणून निघायचा आणि मॉलमध्ये बसून राहायचा. शिरीषच्या ऑफिसातल्या एकाने पाहिलं, चार लोकांत हसत सांगितलं. घरी येऊन मी वरुणला म्हणाले, "यापुढे बाबांचं आडनाव लावून फिरू नकोस." त्याने डबा घासून ओट्यावर पालथा घातला.

त्याने माझं ऐकलं, अनू.

मी शुक्रवारी पुण्यात पोचतेय. रविवारी त्याचा वाढदिवस. आई दर वर्षीसारखा त्याच्या बंद नंबरावर फोन लावेल. त्याआधी मला तिला सांगायचं आहे, ते वाक्यसुद्धा, आणि ते माझ्याच तोंडून. तोवर तू काही बोलू नकोस. तुला आधी कळवतेय ते एवढ्यासाठी, की ऐकल्यावर ती मला कदाचित जवळ येऊ देणार नाही. तेव्हा तू तिच्याजवळ बस.

तू म्हणशील तोवर तुझीच,
मधू