राजेश्रीच्या अंगठ्यावरची शाई

योगीराज भावजी,

तुमी झोपेत होतात म्हणून उठवलं नाही. मी सकाळच्या गाडीनं परभणीला जायलेय, सांजच्याला येईन. तुमची बहीण राजेश्री आज तुमच्याच भरवशावर आहे. भात लय मऊ करा अन् मान धरून भरवा. दुपारी कूस बदला, नाहीतर पाठ सोलवटते.

काल राजेश्रीला आंघोळ घालताना तिच्या अंगठ्याला निळी शाई दिसली, मनगटावर नखांचे वळ दिसले. मी कापूस वेचायला गेले तेव्हा घरी तुमीच होता. तिची मूठ जन्मापासून मिटलेली, ती ओढून उघडायची नसते. कोमट पाणी सोडत ओवी म्हणली की एकेक बोट आपसूक सुटं होतं. या घरात आल्यापासून बारा वर्षं मी तशीच उघडतेय.

अपंगाला सांभाळणाऱ्याला महिन्याला पैसे मिळणार, त्याचा फॉर्म निघालाय म्हणे, त्यावर अपंगाचा अंगठा लागतो. राजेश्रीचा फॉर्म कोणी भरलाय का, अन् त्यावर सांभाळणारा म्हणून कोणाचं नाव आहे, तेवढं ऑफिसात बघून येते. माझा संशय खोटा निघाला तर तुमची माफी मागेन.

शाई अजून पुरती गेली नाही. आज तिची मूठ तुमी धुवा. ओवी चिठ्ठीच्या मागं लिहून ठेवलीय.

विजयमाला वहिनी