हवा बावीस, भिंत तेरा

४ जानेवारी

पुन्हा तेच! सासूबाई दोन स्वेटर, कानटोपी, पायमोजे घालून पलंगावर — आणि तरी, "गार वाटतंय गं."

नवऱ्याने तापमापक त्यांच्या नाकासमोर धरला. "आई, बावीस अंश आहे. हीटर चालू, खिडकी बंद. गार वाटेलच कसं?"

"मग त्या आकड्यालाच विचार, त्याला वाटतं का गार," म्हणाल्या आणि कूस बदलली.

मला हसू आलं. नवऱ्याला नाही.

६ जानेवारी

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. रक्त, थायरॉइड, सगळं ठीक. "वय झालं की असं वाटतं कधीकधी." नवऱ्याचं लगेच — "मी म्हणत नव्हतो, मनाचे खेळ आहेत!" जेवताना सासूबाई मीठ मागावं तितक्या सहज म्हणाल्या, "मला बहिणीकडे पोचवून दे. तुमच्या जिवाला उगाच घोर."

आता हॉस्टेलवर असलेली लेक तीन महिन्यांची असताना "तू जा कामावर, हिला मी बघते" म्हणाली होती ही बाई. म्हणून आज मी इंजिनिअर आहे. नाहीतर नुसती पदवी भिंतीवर असती.

७ जानेवारी

हीटर वाढवला. पंचवीस अंश. नवरा बनियनवर. सासूबाई — "गार." हीटर परत बावीसवर आणला.

९ जानेवारी

कारखान्यात रंग भाजायच्या भट्टीने आठवडाभर छळलंय. दाराजवळच्या पत्र्यांवरचा रंग कच्चाच राहतो! हवा सगळीकडे एकशे ऐंशी. पंख्याचा वेग वाढवला, झडपा फिरवल्या — ढिम्म. आज मिस्त्री चहाचा घोट घेत म्हणाले, "मॅडम, हवेच्या किती मागे लागणार? त्या पत्र्यांना समोर गार दार दिसतंय."

दिसतंय! मधली हवा कितीही गरम असो, गरम वस्तू समोरच्या गार वस्तूला उष्णता देत राहते. प्रारण. परीक्षेत पानंच्या पानं लिहिलंय मी हे! उष्णता परत फिरावी म्हणून दाराला आतून चकचकीत पत्रा ठोकला. पुढचा घाणा पक्का निघाला. मिस्त्रींची कॉलर ताठ.

बसमध्ये एकदम डोक्यात आलं — सासूबाईंच्या शेजारी काय आहे?

१० जानेवारी

तापमान मोजायची बंदूक कारखान्यातून मागून आणली. हवा बावीस. पलंगालगतची बाहेरची भिंत — तेरा! उशाची खिडकी, तिची काच — नऊ! खोली एवढीशी, पलंग हलवायला जागा नाही.

ओट्यावरच गणित मांडलं. भिंतीकडची बाजू तीसेक वॅट जास्तीचे गमावतेय. अंथरुणात पडलेल्या म्हाताऱ्या शरीरात तयार होतात जेमतेम सत्तर-ऐंशी! त्या खरंच गारठत होत्या.

नवऱ्याने कागद दोनदा वाचला. मग आईच्या खोलीत जाऊन भिंतीवर तळहात ठेवून उभा राहिला.

"आई, चुकलं माझं."

"तुझं कशाला? भिंतीचं चुकलं."

१२ जानेवारी

रविवार भिंतीत गेला. थर्माकोलचे जाड तक्ते, वर चंदेरी कागद. सासूबाई खुर्चीत बसून मुकादम — "वाकडं लागलंय. परत काढ." खरंच वाकडं होतं! नवऱ्याने बोटाला डिंक, केसाला डिंक, एकदा तर चहाच्या कपाला डिंक लावून घेतला.

तासाभराने सासूबाई म्हणाल्या, "पाठ उबदार आहे गं. पण डोक्यावर कुणीतरी फुंकर घालतंय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या वेळी मनाचे खेळ कुणी म्हणालं नाही.

१३ जानेवारी

खिडकीच्या फटी तपासल्या. एकही नाही. मग काचेखाली रेशमाचा धागा टांगला, तर तो उशीकडे झुकला! गार काचेला लागलेली हवा जड होते आणि घसरत घसरत थेट त्यांच्या डोक्यावर. अभिसरण! एकाच्या नादात दुसरं विसरले. बंदुकीला जे कळलं नाही, ते सासूबाईंच्या टाळूला कळलं.

काचेच्या आत पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं, चारी कडा चिकटपट्टीने बंद. धागा सरळ. सासूबाईंनी आपल्या हाताने कानटोपी काढली. केस असे चपटे झालेले — तिघंही पोट धरधरून हसलो.

१६ जानेवारी

हीटर विसावर. सासूबाई एका स्वेटरवर. बहिणीचा फोन आला तर म्हणाल्या, "आता नाही गं येत. इथे माझ्यावाचून यांचं काम अडतं."

२० जानेवारी

संध्याकाळी भाजी निवडत बसलो होतो. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू खरं मानतेस म्हणून सांगते. डाव्या डोळ्याने मला चार महिने नीट दिसत नाही. मधोमध काळं येतं. आणखी एक रडगाणं कोण ऐकणार, म्हणून गप्प राहिले."

डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्या नऊची वेळ मिळाली आहे. आम्ही दोघांनीही रजा टाकली.