भर वर्गात ‘बाळा’

नागपूर, मंगळवार

प्रिय अव्वा,
शरणु शरणार्थी.

फोनवर लेकीचा आवाज जरा बदलला की तू लगेच ओळखतेस, म्हणून हे पत्र. काळजी करू नकोस, इथं सगळं छान आहे. कॉलेजात शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण म्हणजे आम्ही सगळे महिनाभर पुन्हा विद्यार्थी! मेसचं जेवण बरं आहे. तू दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र खोलीतल्या मैत्रिणींनीच संपवली.

काल माझा नमुना पाठ होता. समोर बाकांवर सगळे प्राध्यापक. फळ्यावर रसायनशास्त्राचं समीकरण मांडलं, वळले, आणि पहिल्या बाकावरच्या पिकल्या मिशांच्या ढोले सरांना विचारलं, "कळलं का रे बाळा?"

घरी तुझ्या नातवाला, गुरुला, अभ्यासाला बसवायची सवय, दुसरं काय! सगळा वर्ग हसला. लई लाजले मी.

सर मात्र उभे राहून "हो मॅडम" म्हणाले. नंतर चहाच्या वेळी हळूच जवळ आले. म्हणाले, "आई गेल्यापासून मला कुणी बाळा म्हटलंच नव्हतं."

मी त्याला सोडून इकडे आले म्हणून गुरु अजून माझ्यावर रुसलाय का गं? त्याला रागावू नकोस, फोनवर ओढूनही आणू नकोस. तो खेळत असेल तिथं फोन नुसता ठेव, मी बोलेन की. दूध पितो ना? आणि त्याच्यासाठी आमच्याकडे राहतेस, तर फ्लॅटचे जिने चढून तुझे गुडघे दुखत असतील. सांगत नाहीस तू.

अव्वा, हे पत्र मिळालं की फोन ठेवताना मलाही एकदा बाळा म्हण.

तुझीच,
शिवलीला